प्रतिध्वनीची पेटी

गणपतीच्या दिवसांत देवगड परिसरात रात्री भजनांच्या डबलबाऱ्या रंगतात. मिरवणुकीला बेंजो पार्टी असते आणि तिच्यात कीबोर्ड व ऑक्टोपॅड वाजवणारेही असतात. बुवांचा शेवटचा स्वर किंवा पॅडवरचा एखादा ठोका हवेत दोनतीनदा पुन्हा उमटतो व विरून जातो. मंडप तर उघडा असतो, मग हा प्रतिध्वनी येतो कोठून? तो येतो अँप्लिफायरजवळच्या एका लहानशा पेटीतून. वादक तिला ‘इको मशीन’ म्हणतात. ही पेटी काय करते, ती कलावंतांना का आवडते आणि तिची मर्यादा कोठे येते, हे पाहू.

प्रथम निसर्गातील प्रतिध्वनी घेऊ. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. समोरची भिंत ५० मीटरवर असेल तर त्याला जाऊन येऊन १०० मीटर अंतर पडते व सुमारे ०.२९ सेकंद लागतो. विजापूरच्या गोलघुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. तेथे ध्वनीला समोर जाऊन परत यायला सुमारे ०.२२ सेकंद लागतो. नंतर तो पुन्हा पुन्हा परावर्तित होत राहतो. सहलीला गेलेली मुले टाळी वाजवून हीच गंमत ऐकतात. भिंतीपर्यंतचे अंतर म्हणजेच विलंब, हे सूत्र लक्षात ठेवावे. इको मशीन ही भिंत पेटीत आणते, आणि तिचे बटण फिरवले की ती भिंत जवळ किंवा दूर सरकते.

हे करण्याचा पहिला मार्ग चुंबकीय फितीचा. एक हेड फितीवर ध्वनी नोंदवते व थोड्या अंतरावरचे दुसरे हेड तो वाचते. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावत असेल आणि दोन हेडमध्ये १.९ सेंटिमीटर अंतर असेल, तर विलंब ०.१ सेकंद होतो. जपानच्या रोलँड कंपनीचे १९७४ साली आलेले ‘स्पेस एको’ हे यंत्र याच तत्त्वावर चाले. पण फीत झिजते, हेडवर मळ बसतो आणि मोटरचा वेग किंचित डळमळतो.

दुसरा मार्ग १९६९ साली फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर व टीअर यांनी शोधला. घराला आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेत उभी राहून कळशी हातोहात पुढे देतात. तसेच येथे धारित्रांची रांग असते आणि घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला विद्युतभार पुढच्या धारित्राकडे सरकतो. ‘एमएन ३००५’ या चिपमध्ये असे ४,०९६ टप्पे होते. टप्प्यांच्या संख्येला घड्याळाच्या वारंवारतेच्या दुपटीने भागले की विलंब मिळतो. घड्याळ सेकंदाला १०,००० ठोके देत असेल तर तो सुमारे ०.२ सेकंद येतो.

येथेच पहिली मर्यादा दिसते. विलंब वाढवायचा तर घड्याळ मंद करावे लागते. पण घड्याळ जितके मंद, तितके ध्वनीचे नमुने कमी घेतले जातात. सेकंदाला १०,००० नमुने घेतले, तर ५,००० हर्ट्झपेक्षा उंच स्वर अचूक नोंदताच येत नाहीत. मग झांजेची किणकिण व ‘स’, ‘श’ यांची धार प्रतिध्वनीत बोथट होते.

तिसरा मार्ग अंकीय स्मृतीचा. स्वस्त इको मशीनमध्ये पुष्कळदा ‘पीटी २३९९’ ही चिप आढळते. तिच्यात फक्त ४४ किलोबिट स्मृती असते. विलंब सुमारे ०.०३ सेकंद ठेवला तर सेकंदाला साधारण १४ लाख बिट वापरता येतात, तो ०.३४ सेकंदापर्यंत ताणला की तीच स्मृती सेकंदाला जेमतेम १ लाख ३० हजार बिटांना पुरते. परिणामी आवाजात खरखर वाढते. भाकरी तेवढीच आणि पंगत मोठी, असा हा प्रकार आहे.

एकच प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा हवा असेल, तर बाहेर आलेल्या ध्वनीचा काही भाग पुन्हा आत सोडतात. याला पुनर्भरण म्हणतात. प्रत्येक फेरीत निम्माच भाग सोडला, तर दहाव्या फेरीनंतर ध्वनीचा विस्तार मूळच्या सुमारे हजाराव्या भागावर येतो. ०.७ भाग सोडला, तर तेवढ्यासाठी सुमारे २० फेऱ्या लागतात. हे प्रमाण १ च्या वर गेले की प्रतिध्वनी विरण्याऐवजी फुगत जातो व पेटी स्वतःच घुमू लागते.

मग इतके दोष असूनही वादक या पेट्यांना का धरून असतात? कारण काही दोषच गुण ठरतात. खऱ्या जगातही दूरवरून येणाऱ्या ध्वनीतील उंच स्वर हवेत अधिक शोषले जातात. म्हणून फितीचा किंवा धारित्रांचा बोथट प्रतिध्वनी दूरचा वाटतो आणि मूळ स्वराला झाकत नाही. वाजत असताना विलंबाचे बटण फिरवले, तर स्मृतीत साठलेला ध्वनी वेगळ्या गतीने बाहेर पडतो व त्याची पट्टी वरखाली सरकते. कीबोर्डवादकाला हे दुसरे वाद्यच मिळाल्यासारखे होते.

परंतु लयीपुढे पेटी हतबल ठरते. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ०.५ सेकंदाची. वर सांगितलेल्या स्वस्त चिपला एवढा विलंब नीट देता येत नाही. अर्ध्या मात्रेवर, म्हणजे ०.२५ सेकंदावर, समाधान मानावे लागते. शिवाय भजनाचा गजर चढत जातो तशी लय वाढते, पण बटण आधीच्याच जागी असते. मग प्रतिध्वनी मात्रेच्या मागे पडून पखवाजाशी भांडू लागतो. संगणकावरील प्रणालीला लय सांगितली की ती विलंब स्वतः जुळवते आणि प्रत्येक गाण्याची मांडणी जपून ठेवते. साध्या पेटीत हे काम वादकाच्या कानाला व बोटांनाच करावे लागते.

याहून महत्त्वाची बाब बोलण्याची आहे. आपण सेकंदाला साधारण चारपाच अक्षरे उच्चारतो, म्हणजे एका अक्षराला सुमारे ०.२ सेकंद मिळतो. ०.२५ सेकंदाचा प्रतिध्वनी नेमका पुढच्या अक्षरावर येऊन बसतो. गाण्याला भारदस्त करणारी तीच पेटी सूचना मात्र अगम्य करते. जत्रेत हरवलेल्या मुलाचे नाव, बंदरावर वादळाचा इशारा किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनातील सूचना सांगायची असेल, तेव्हा इकोचे बटण आधी शून्यावर आणावे. हे काम एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपवण्याजोगे आहे.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. शाळेच्या लांब भिंतीपासून किंवा विजयदुर्गासारख्या किल्ल्याच्या उंच तटापासून ५० मीटर मोजून उभे राहावे. प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये पडेल अशा लयीत २१ टाळ्या वाजवाव्या आणि पहिल्या टाळीपासून शेवटच्या टाळीपर्यंतचा वेळ घ्यावा. तो सुमारे ११.६ सेकंद भरेल. या २० अंतरांपैकी प्रत्येक अंतरात ध्वनी २०० मीटर जाऊ शकतो. म्हणून ४,००० मीटरला मोजलेल्या सेकंदांनी भागले की ध्वनीचा वेग मिळतो. या प्रयोगात मुले आपली लय भिंतीला जुळवतात, तर वादक बटण फिरवून भिंत आपल्या लयीला जुळवतो. दोन्हींमागचे गणित एकच आहे.