पिल्लाला आकडी येते तेव्हा

गेल्या वर्षीची धनत्रयोदशीची संध्याकाळ. घरात एकच गडबड उडाली होती. स्वयंपाकघरात अनारसे तुपात पडत होते, मुले गॅलरीत आकाशकंदिलाच्या वायरीशी झटापट करीत होती, आणि ठमी फटाक्यांना भिऊन पलंगाखाली दडून बसली होती. ठमी म्हणजे आठच दिवसांपूर्वी आमच्याकडे आलेले, नऊ आठवड्यांचे पॉमेरेनियन पिल्लू. एवढ्यात धाकटी कन्या किंचाळली. जाऊन पाहतो तो ठमी आडवी पडलेली, चारी पाय पोहल्यासारखे चाललेले, जबडा वाजतो आहे, तोंडाला फेस आलेला आणि फरशीवर लघवी झालेली!

पुढे आम्ही जे केले ते सांगायला लाज वाटते. आईने कांदा फोडून आणला. शेजारच्या काकांनी पायातली चप्पल काढून ठमीच्या नाकाशी धरली. आमचे मेहुणे धीट. "जीभ घशात जाईल" असे म्हणत ते तिच्या दातांत चमचा घालायला गेले आणि बोट रक्तबंबाळ करून बसले. मी स्वतः तिचे पाय घट्ट आवळून धरले होते. थोड्या वेळाने ती शांत झाली, पण उठेना की ओळख दाखवेना.

प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आकडी किती वेळ होती?" मी म्हणालो, दहा मिनिटे. सौभाग्यवती म्हणाल्या, पाच. चिरंजीव म्हणाले, "बाबा, समोर एक माळ सुरू झाली नि संपली, तेवढ्यात झालं सगळं." दुसरा प्रश्न आला, "शेवटचं खाणं केव्हा दिलंत?" यावर मात्र सगळेच गप्प. सकाळी आठ वाजता दिलेल्या दहीभातानंतर, दिवाळीच्या धांदलीत, त्या पिल्लाला खायला घालायचे कुणाच्याच लक्षात राहिले नव्हते.

"हिरड्यांना थोडा मध चोळा, तोंडात काही ओतू नका, आणि फडक्यात गुंडाळून लगेच आणा," डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात तपासले तेव्हा रक्तातली साखर फार खाली गेलेली निघाली.

आकडी म्हणजे काय?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संकेतांनी बोलतात. एरवी हे बोलणे शिस्तीत चालते. पण असंख्य पेशी एकाच वेळी कल्ला करू लागल्या, की शरीरावरचा ताबा सुटतो, तीच आकडी. तिच्या आधी काही पिल्ले कावरीबावरी होतात, कोपऱ्यात लपतात. मग प्रत्यक्ष झटका येतो. तो बहुधा एकदोन मिनिटांत संपतो. त्यानंतर काही मिनिटे, कधी काही तास, पिल्लू झिंगल्यासारखे चालते, भिंतीला धडकते, घरच्यांनाही ओळखत नाही. पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते, परंतु पाय झाडणारे पिल्लू त्या वेळी शुद्धीवर नसते. आणि जीभ गिळली जाते ही तर निव्वळ समजूत आहे.

पिल्लांची कारणे निराळी

आकडी म्हटली की आपल्याला अपस्मार आठवतो. परंतु कुत्र्यांमध्ये उपजत कल असलेला अपस्मार साधारणतः सहा महिने ते सहा वर्षे या वयात प्रथम दिसतो. त्याहून लहान पिल्लाला झटका आला तर आधी दुसरी कारणे शोधावी लागतात.

पहिले कारण भूक. लहान चणीच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अगदी बेताचा असतो. काही तासांचा उपास, थंडी, भीती किंवा पोटातले जंत एवढ्यानेही तो संपतो. म्हणून अशा पिल्लांना तीनचार तासांनी थोडे थोडे खाऊ घालावे.

दुसरे कारण विष. गोचिडांची नि ढेकणांची औषधे, उंदरांचे विष आणि सणाच्या दिवसांत चॉकलेट यांपासून पिल्लाला दूर ठेवावे. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये असणारे झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरवते.

तिसरे डिस्टेंपर. ताप, डोळ्यानाकातून चिकट स्राव, खोकला, हगवण आणि मग काहीतरी चघळत असल्यासारखे जबड्याचे झटके, अशी त्याची चाल असते. एकदा तो मेंदूत शिरला की इलाज अवघड. लस मात्र उत्तम आहे. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने द्यावी लागते.

याखेरीज डोक्याला लागलेला मार, जन्मतः मेंदूत साठलेले पाणी, किंवा यकृताला वळसा घालून रक्त नेणारी एखादी चुकार रक्तवाहिनी हीही कारणे असू शकतात. या शेवटच्या विकारात पिल्लू जेवणानंतर गुंगते किंवा बिथरते. डॉक्टर जेवणाची वेळ विचारतात ती उगीच नव्हे!

घड्याळ आणि वही

झटका आला की प्रथम घड्याळ पाहा. आसपासच्या टोकदार वस्तू, जिना, पाणी यांपासून पिल्लाला वाचवा. दिवे मंद करा, गलका थांबवा. त्याला दाबून धरू नका आणि तोंडाजवळ हात मुळीच नेऊ नका. घरात दुसरे कुणी असेल तर खिशातल्या फोनवर चित्रण करायला सांगा. डॉक्टरांना ते शंभर वर्णनांहून उपयोगी पडते. मग वहीत लिहा: किती वाजता, किती वेळ, आधी काय खाल्ले, नंतर किती वेळाने सावरले.

लहान पिल्लाचा पहिला झटका असेल तर त्याच दिवशी दाखवा. झटका पाच मिनिटांहून लांबला, किंवा एका दिवसात दुसरा आला, तर क्षणही न दवडता दवाखाना गाठा.

पिल्लू चावले असेल तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि माणसांच्या डॉक्टरकडे जा. आकडी हे रेबीजचेही लक्षण असू शकते आणि एवढ्या लहान पिल्लाला त्याची लस झालेली नसते. आमच्या मेहुण्यांनी कुरकुर करीत का होईना, इंजेक्शनांचा क्रम पुरा केला.

औषधे

एका झटक्यासाठी बहुधा रोजचे औषध सुरू करीत नाहीत. वारंवार येऊ लागले तर मात्र करावे लागते. गंमत अशी, की १८५७ साली लंडनच्या डॉ. लोकॉक यांनी आकडीवर सुचविलेले ब्रोमाइड आणि १९१२ साली हाउप्टमान यांनी वापरात आणलेले फेनोबार्बिटल ही दोन्ही औषधे आजही कुत्र्यांना देतात. ती एकाएकी बंद केली तर झटके उसळून येतात, म्हणून एकही मात्रा चुकवू नये. आणि घरातल्या माणसाची गोळी अंदाजाने कधीच देऊ नये. नीट औषध चालू असलेली पुष्कळ कुत्री वर्षानुवर्षे सुखाने जगतात.

ठमीला औषध लागले नाही. ग्लुकोज मिळाल्यावर तासाभरात तिने डोके उचलले आणि डॉक्टरांचा हात चाटला. त्यांनी जंताचे औषध दिले, जेवणाच्या वेळा लिहून दिल्या, आणि पुन्हा तिला कधी झटका आला नाही.

यंदाही अनारसे होतील, कंदील लागेल, मेहुणे येतील. मात्र त्या पलंगाशेजारच्या भिंतीवर आता एक घड्याळ आहे, खिळ्याला वही-पेन्सिल टांगलेली आहे, आणि फराळाचे पहिले ताट मांडण्याआधी ठमीची वाटी भरलेली असते.