मोटरीच्या गळ्यातलं लोढणं

जुनी गाडी, घरची दुरुस्ती : लेखांक ७

उत्तरा नक्षत्र सरत आलं, हस्त तोंडावर आहे. म्हणून अल्टरनेटरचा ठरलेला लेखांक आठवडाभर पुढे ढकलून आज वायपर घेतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात मृग-आर्द्रा पुष्कळदा हुलकावणी देतात आणि वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. २०२५च्या सप्टेंबरात परंडा, भूम भागात या पावसाने काय केलं ते आपण पाहिलंच. त्यातच नवरात्र येतं. सोलापूरकडून, कर्नाटकातून तुळजापूरला चालत येणारी माणसं रात्रंदिवस रस्त्याच्या कडेने असतात. अशा रस्त्यावर समोरचं दिसेनासं झालं, तर ब्रेक कितीही चांगले असोत, ते दाबायचे कधी हेच कळत नाही.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी सोलापूरहून धाराशिवला निघालो होतो. गाडी माझीच, २००४ सालची मारुती ८००. तामलवाडी मागे पडली आणि पाऊस सुरू झाला. वायपर लावले तेव्हा ते फिरले, पण पाण्यातून चालणाऱ्या माणसासारखे, जड जड. पुढे घाटाच्या अलीकडे त्यांनी काचेच्या मधोमध मान टाकली. समोरून तुळजापूरची ज्योत घेऊन आपापल्या गावाकडे पळत निघालेली पोरं येत होती. काचेवरच्या पाण्यातून मला फक्त एक पिवळा ठिपका हलताना दिसत होता. ज्योत दिसत होती, ती धरणारा पोरगा दिसत नव्हता. गाडी रस्त्याच्या पार खाली उतरवून पाऊस थांबेपर्यंत बसून राहिलो. ती पोरं अनवाणी होती, हे ती माझ्या खिडकीजवळून गेली तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात दाखवली. वायपर नुसते एकदा चालवून बघितले आणि निदान झालं: मोटर गेली. जुन्या बाजारातली दुसरी मोटर बसवली. पंधरा दिवस बरी चालली, मग पुन्हा तीच रड. शेवटी उमरग्याला कामानिमित्त गेलो असताना एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे थांबलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी मोटरला हातही लावला नाही. बॉनेट उघडून, मोटरीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या क्रँकमधून रॉड तेवढा सोडवला आणि मला म्हणाले, “लावा आता वायपर.” मोटर भिंगरीसारखी फिरली.

“बघा मालक, मोटर धडधाकट हाय. तिच्या गळ्यातलं लोढणं काढा आधी.”

ओढाळ गुराच्या गळ्यात लाकूड अडकवतात, ते पावलोपावली गुडघ्याला लागतं आणि गुरू पळत नाही. माझ्या दोन मोटरींच्या गळ्यात असलंच लोढणं होतं. गेली कित्येक वर्षं मी स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या गाड्यांचे वायपर उघडतोय. माझा अनुभव असा, की शिक्षा मोटरीला होते आणि दोष बहुतेक वेळा तिच्या पलीकडे असतो.

तो कुठे असतो हे समजायला वायपरची रचना डोळ्यांपुढे आणावी लागेल. मोटर आतून फार वेगाने फिरते. तिच्या दांड्यावर मळसूत्रासारखे आटे असतात, ते एका मोठ्या दातेरी चाकात अडकलेले असतात. इथे वेग उतरतो आणि जोर वाढतो. चाकाला जोडलेला क्रँक गोल गोल फिरत राहतो. त्या गोल फिरण्यातून रॉड पुढे-मागे ढकलले जातात आणि काचेखाली पत्र्यातून वर आलेल्या दोन खुंट्या अर्ध्या फेऱ्या घेतात. या खुंट्यांना आपल्याकडे स्पिंडल म्हणतात. स्पिंडलवर दांडा, दांड्यात स्प्रिंग, टोकाला रबर.

अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ साली वायपरचं पेटंट घेतलं, त्यात मोटर नव्हतीच. चालकाने आतून मूठ फिरवायची आणि बाहेर रबराचा दांडा काचेवरून जायचा. म्हणजे खुंटी, दांडा आणि रबर हे मूळचं यंत्र, मोटर नंतरची. दुरुस्तीला बसताना मी हे मुद्दाम आठवतो.

आता आपल्याकडची गंमत बघा. दिवाळीनंतर वायपरला काम नसतं. पुढचे सात-आठ महिने ते काचेच्या पायथ्याशी पडून राहतात. उसाचे ट्रॅक्टर, कच्चे रस्ते, रानातला काळा फुफाटा, वर चैत्र-वैशाखाचं ऊन. स्पिंडल ज्या नळीत फिरतो तिथलं ग्रीस आधी वाळतं, मग त्यात धूळ मुरते. पहिल्या पावसाचं पाणी वरून झिरपतं आणि गंज धरतो. मशीन बिघडतं उन्हाळ्यात, कळतं पावसात. कंपनीने ८०० बनवणं २०१४च्या जानेवारीत थांबवलं, म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक ८०० दहा-बारा उन्हाळे तरी अशी काढून बसलीय. ओम्नी, पद्मिनी, अँबेसेडर, जुनी जीप यांचंही थोड्याफार फरकाने हेच.

तपासायला बाहेरून आत जायचं. आधी काच भरपूर ओली करा. कोरड्या काचेवर वायपर कधीही चालवू नका. रबर फाटतं, आणि त्यात अडकलेल्या वाळूच्या कणाने काचेवर चंद्रकोरीसारखा ओरखडा उठतो, तो जन्माचा. मग घड्याळ लावून फेऱ्या मोजा. जाऊन-येऊन एक फेरी. कमी वेगाला मिनिटाला साधारण पंचेचाळीसच्या आसपास आणि जास्त वेगाला त्याहून पंधरा-वीस अधिक आल्या पाहिजेत. तिशीच्या आत असतील तर काहीतरी धरून ठेवतंय.

दोन्ही दांडे काचेवरून उचलून उभे करा आणि पुन्हा चालवा. वेग एकदम वाढला तर अडथळा रबर आणि काचेत आहे. रबर दर पावसाळ्याआधी बदलावं, एवढं या बाबतीत पुरे. काचेवर धुराचा तेलकट थर असतो तो भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा. अडल्या वेळी काचेला तंबाखू चोळायची ट्रकवाल्यांची रीत मीही वापरलीय, पाणी पसरून निघून जातं. पण तो रात्र काढण्यापुरता उपाय आहे.

दांडे उचलूनही चाल जडच असेल तर मामांनी केलं ते करायचं. चावी काढून खिशात ठेवा. हा रॉड बोटाला धरतो तेव्हा हाड बघत नाही. क्रँकपासून रॉड सोडवा, हात बाहेर काढा आणि मगच चावी लावून नुसती मोटर चालवा. ती सळसळत फिरली की तिला निर्दोष सोडा. मग रॉड हाताने हलवून बघा. स्पिंडल दोन बोटांनी फिरला पाहिजे. माझ्या गाडीचा चालकाच्या बाजूचा स्पिंडल दोन हातांनीही हलेना.

स्पिंडल काढण्याआधी वायपर बंद जागेवर असताना रबराच्या कडेने काचेवर खडूने रेघ मारून ठेवा. दांड्याच्या बुडाचा नट काढला की दांडा सहज निघत नाही, कारण आत बारीक दाते एकमेकांत बसलेले असतात. पेचकस घालून उचकटू नका. बुडाशी थोडं रॉकेल सोडा, दहा मिनिटं थांबा आणि दांडा हलके डावीकडे-उजवीकडे हलवत वर घ्या. काचेवर जाडसर टॉवेल अंथरलेला असू द्या, स्प्रिंगचा दांडा हातातून निसटून काचेवर आपटला तर काच तडकते. काचेच्या पायथ्याशी पत्र्याची पन्हळ असते, तिच्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला साचलेला सापडेल. तो काढा आणि पन्हळीची भोकं तारेने मोकळी करा. पाणी तुंबून तिथूनच स्पिंडलला गंज लागतो.

स्पिंडलच्या एका टोकाला लहानशी क्लिप असते. ती काढली की खुंटी नळीतून बाहेर ओढता येते, यायला हवी. माझी येईना. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी लाकडाच्या ठोकळ्यावर हलके ठोकल्यावर निघाली. नळीत बोट घातलं तर बोटाला काळपट तांबूस भुकटी लागली, अगदी घरातल्या मिश्रीसारखी. कधीकाळी ग्रीस असलेली ती भुकटी. खुंटीवर जिथे ती नळीत बसते तिथे गंजाची दोन कडी तयार झाली होती. बारीक पॉलिशपेपर पट्टीसारखा गुंडाळून ती गुळगुळीत केली, नळी रॉकेलच्या चिंधीने पुसली आणि नवं ग्रीस बोटाने आतपर्यंत भरलं. तेल नको. तेल महिनाभर बरं वाटतं, मग धूळ ओढून पुन्हा तीच मिश्री करतं. खुंटी परत घातली आणि फिरवली. आवाज नाही, अडणं नाही. इतकं हलकं फिरतंय याचंच मला बराच वेळ नवल वाटत राहिलं. रॉडच्या टोकांचे प्लॅस्टिकचे बुशही बघून घ्या. ते झिजले असतील तर वायपर खट् खट् वाजतो आणि काचेचा कोपरा सोडून देतो.

हे सगळं मोकळं असून मोटर गप्प असेल तरच विजेच्या वाटेला जायचं. पहिला फ्यूज. मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथे सापडणाऱ्या तांब्याच्या तारेची. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणीतरी तार घालतं. फ्यूज उडत होता, कारण अडकलेली मोटर फिरायला धडपडताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तार घातली की फ्यूज वाचतो आणि मोटरीची वाइंडिंग जळते, कधी डॅशबोर्डमागची वायरिंगही. गाडीच्या पुस्तकात लिहिलाय तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला.

फ्यूज ठीक असेल तर मोटरीचा प्लग काढा आणि चावी लावून, स्विच चालू करून त्यावर टेस्ट लॅम्प धरा. लॅम्प पेटत नसेल तर दोष स्विचमध्ये किंवा मधल्या वायरीत. लॅम्प झगझगीत पेटतो आणि तरी मोटर फिरत नाही, तर आधी अर्थ बघा. बॅटरीच्या मायनसपासून मोटरीच्या अर्थपर्यंत एक जाड वायर थेट लावा. तेवढ्याने ती जागी झाली तर अर्थचा नट आणि त्याखालचा पत्रा खरवडून चकचकीत करायचा, काम झालं. अर्थ चांगली असूनही गप्पच, तर पान्याच्या बुडाने मोटरीच्या अंगावर दोन हलक्या टिचक्या मारा. टिचकीने सुरू झाली तर आतले कार्बन झिजलेत. दोन वेगांच्या मोटरीत तीन कार्बन असतात. दोन समोरासमोर, तिसरा किंचित कडेला. या कडेच्या कार्बनमधून करंट गेला की मोटर वेगाने पळते. म्हणून जोरात चालते पण हळू चालत नाही, किंवा उलट, अशी तक्रार असेल तर बहुधा एकच कार्बन संपलेला असतो किंवा स्विचचा तेवढा एक पॉइंट गेलेला असतो. कार्बन सुटे मिळतात आणि पॉलिशपेपरवर घासून मापाला आणता येतात. सोल्डरिंगचा हात नसेल तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या, आणि “मोटर बदला” असं न म्हणता “कार्बन बघा” म्हणा.

राहिला एक दोष, त्याची तक्रार घेऊन लोक नेहमी येतात. स्विच बंद केला की वायपर खाली जाऊन बसण्याऐवजी असेल तिथेच उभा राहतो. दातेरी चाकावर पितळेची चकती असते, तिला एका जागी खाच असते. तुम्ही स्विच बंद करता तेव्हा मोटरीला या चकतीवरून करंट मिळत राहतो. वायपर खाली पोचला की खाच येते, करंट तुटतो आणि मोटर जागेवर थांबते. चकतीवर घट्ट काळं ग्रीस बसलं किंवा तिच्यावर टेकणारी पत्ती वाकली की हा हिशेब चुकतो. झाकण उघडून पत्ती साफ करा, हलकीशी वाकवून टेकवा. मोटर बदलायचं कारण नाही. वायपर बंद होताना काचेच्या खाली आपटत असेल तर तो या चकतीचा दोष नाही, दांडा एक-दोन दाते चुकून बसलाय. मघाशी मारलेली खडूची रेघ इथे कामी येते.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवायला आरटीओत गाडी दाखवावी लागते आणि तिथे वायपर चालवून बघतात. बऱ्याच एमएच २५ गाड्यांचे वायपर त्या एकाच दिवसापुरते दुरुस्त होतात.

परवा दुपारी अंगणात गाडीच्या काचेवर नळी सोडून मी पुन्हा फेऱ्या मोजल्या. हळू वेगाला सेहेचाळीस, जोरात चौसष्ट. आत बसलीय ती जुन्या बाजारातली तीच दुसरी मोटर. काच धुणारी पिचकारी मात्र एका बाजूची बंद आहे. तिचं भोक टाचणीने मोकळं करायचं की पंप उघडायचा, ते पुढच्या लेखांकात अल्टरनेटरच्या आधी घेऊ.