जागच्या जागी सायकल

"सर, त्यांतलं सगळ्यांत चांगलं ॲप कुठलं?"

पावसाळ्यात मी घरातच सायकल चालवतो ही बातमी वर्गात कशी पोहोचली कोण जाणे. पण गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला प्रयोगशाळेत, ग्रंथालयाच्या जिन्यात आणि एकदा तर तोंडी परीक्षेच्या वेळी खुद्द परीक्षार्थ्याकडूनच विचारला गेला. दर वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तर तसे नाही. संपादकांनी लेखासाठी तगादा लावला तेव्हा म्हटले, या निमित्ताने ते ऋण फेडून टाकावे.

प्रथम मी या भानगडीत कसा पडलो ते सांगतो. मला मधुमेह आहे. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर सायकलही लिहून दिली, आणि आठ महिने ती मी इमानाने घेतो. पहाटे जांबोटी रस्त्याने निघावे, ऊन चढण्याच्या आत परतावे, हा माझा क्रम. पण बेळगावचा पावसाळा म्हणजे काय हे येथील वाचकांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर सायकल भिंतीला टेकलेली आणि रक्तातील साखर चढलेली, असे दर वर्षी होई. २०२३ च्या जुलैत हट्टाने बाहेर पडलो. रस्त्यावर पाण्याचे साधे डबके दिसले; ते गुडघाभर खोल निघाले. गळपट्टीचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात गळ्यात आला. सौभाग्यवतींनी निकाल दिला, "पावसात सायकल बाहेर काढायची नाही. काढलीत तर चावी माझ्याकडे." पुण्यात शिकणारी मुलगी दिवाळीला आली. तिने जुने-नवे भाव पाहून एक स्मार्ट ट्रेनर घरात आणवला. किंमत एका चांगल्या सायकलीइतकी! पण मोडलेल्या हाडाचा खर्च डोळ्यांसमोर होता, त्यामुळे मी गप्प बसलो.

हे यंत्र कसे चालते ते पाहू. सायकलीचे मागचे चाक काढायचे आणि चेन यंत्रावरच्या दातेरी चक्रांवर चढवायची. आत एक जड चक्र असते. धातूचे चक्र चुंबकाजवळून फिरू लागले की त्यात विद्युतप्रवाहाचे भोवरे निर्माण होतात आणि ते चक्राच्या गतीला विरोध करतात. बारावीत शिकलेला लेंझचा नियम तो हाच. विद्युतचुंबकातील प्रवाह वाढवला की विरोध वाढतो, म्हणजे पायाला चढ लागतो. कमी केला की उतार. आपण किती वॅट शक्ती लावतो हेही यंत्र मोजते आणि ब्लूटूथने संगणकाला कळवते. ॲपचे काम यापुढचे. आलेल्या वॅटचे काय करायचे हे ते ठरवते आणि आता किती विरोध कर, हे यंत्राला सांगते. थोडक्यात, पाय आपले, विरोध यंत्राचा आणि गोष्ट ॲपची. सर्व ॲप्सकडे जाणारा आकडा तोच. फरक असतो तो गोष्टीत.

सर्वांत गाजलेली गोष्ट झ्विफ्टची. अमेरिकेतील या कंपनीने २०१४ साली सुरुवात केली. वॉटोपिया नावाचे एक काल्पनिक बेट पडद्यावर दिसते आणि त्यावर आपल्या नावाचा एक बाहुला सायकल चालवत असतो. त्याच वेळी जगभर आपापल्या घरांत घाम गाळणारे शेकडो लोक त्याच रस्त्यावर दिसतात. पुढच्याच्या मागे राहिले तर वाऱ्याचा विरोध कमी झाला असे गणित ॲप करते, आणि आपला वेग वाढतो. कोणी आपल्याला अंगठा दाखवून शाबासकी देतो. एकटेपणा जातो, हा या ॲपचा खरा गुण. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, टूर द फ्रान्सची एक आभासी आवृत्तीही यावर झाली. डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने घरबसल्या सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली, तीही झ्विफ्टवरच. पुरुषांत ती जिंकली जेसन ऑस्बोर्न या जर्मनाने, आणि हा गृहस्थ मूळचा नौकानयनपटू! वळणावर तोल सांभाळणे, गर्दीतून वाट काढणे यांना येथे किंमत नाही. किंमत आहे ती फुप्फुसांना आणि पायांना.

पैशाचा प्रश्न विद्यार्थ्यांना आधी पडतो, म्हणून तोही सांगतो. झ्विफ्टची अमेरिकेतील मासिक वर्गणी २०२४ साली १९.९९ डॉलर झाली. याउलट अबू धाबीतून चालणारे मायव्हूश हे ॲप विनामूल्य आहे. त्यातही काल्पनिक रस्ते, सोबती आणि शर्यती आहेतच. २०२४ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच ॲपवर झाली, तेव्हा फुकटचे म्हणून ते कमी प्रतीचे असे समजण्याचे कारण नाही. आमच्या महाविद्यालयाची एक विद्यार्थिनी आंतरमहाविद्यालयीन शर्यतींत भाग घेते. मामांच्या घरच्या यंत्रावर ती हेच वापरते आणि आठवड्यातून दोन शर्यती खेळल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिला शर्यत मानवते.

मला मात्र शर्यत मानवली नाही. येथे एक कबुली देणे भाग आहे.

या ॲप्समध्ये सुरुवातीला आपले वजन भरावे लागते. चढावर किती वेग मिळावा हे शक्ती आणि वजन या दोन आकड्यांवर ठरते. झ्विफ्टवर एक प्रसिद्ध चढ आहे. फ्रान्समधील आल्प द्युएझ या घाटाची ती नक्कल. २१ वळणे, सुमारे १२ किलोमीटर लांबी आणि सुमारे १०३६ मीटर उंची. माझे वजन ७६ किलो, सायकल ९ किलो. एकूण ८५ किलो इतके उंच चढवायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ८ लाख ६४ हजार ज्यूल काम करावे लागते. मी सतत १४० वॅट लावले तर केवळ त्याला १०३ मिनिटे लागतील. आता वजन ७६ ऐवजी ७२ भरले तर? तेच काम ९८ मिनिटांत उरकते. एकही थेंब घाम न गाळता जवळजवळ पाच मिनिटांची कमाई!

हे गणित मी वर्गासाठी मांडले नव्हते. एका रात्री कॅनडातला कोणी साठीचा गृहस्थ मला त्या चढावर मागे टाकून गेला. दुसऱ्या दिवशी मी वजनाच्या रकान्यात ७२ लिहिले. पंधरा दिवस मजेत गेले. मग एका सकाळी सौभाग्यवती चहा घेऊन आल्या, पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "अहो, काट्यावर एक वजन आणि इथं दुसरं? साखर पण अशीच लिहून कमी करणार की काय?" मी चहा तसाच ठेवून दिला. मोठ्या स्पर्धांत खेळाडूंना काट्यावर उभे राहून वजनाचे चित्रीकरण पाठवावे लागते, ते का, हे मला त्या दिवशी नीट कळले. पण स्पर्धेतला लबाड दुसऱ्याला फसवतो. माझ्या शर्यतीत मी सोडून फसणारे कोणी नव्हते. शर्यतीच्या नादात मी रोजच पूर्ण ताकदीने पायडल मारत होतो, गुडघा दुखू लागला होता, आणि दुखला की दोन दिवस बसून राहत होतो. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप मांडला, ती नियमितताच हरवली होती. त्या सप्टेंबरात रक्ताच्या तपासणीने तेच सांगितले.

मग मुलीने दूरध्वनीवरून दुसरी वाट दाखवली. "बाबा, तुम्हाला हरवायला कुणी नकोच. तुम्ही ट्रेनररोड वापरा." हेही ॲप अमेरिकेतलेच, २०११ सालचे. यात बेट नाही, बाहुला नाही, कोणी सोबती नाही. पडद्यावर निळ्या रंगाचे ठोकळे. उंच ठोकळा म्हणजे जास्त वॅट, ठेंगणा म्हणजे कमी. आलेखाच्या कागदावर प्रेम करणाऱ्या माणसाला ते आवडते, इतरांना ते वेळापत्रकाइतके रुक्ष वाटते. आधी परीक्षा होते. सुमारे तासभर टिकवता येईल अशी आपली शक्ती किती, हे शोधायचे. पूर्ण तास कोणी दामटत नाही. २० मिनिटांची सरासरी काढून तिला ०.९५ ने गुणण्याची रीत प्रचलित आहे. माझी सरासरी १६८ वॅट आली, म्हणजे माझा आकडा १६०. यापुढचे सर्व ठोकळे या आकड्याच्या प्रमाणात रचले जातात. त्यामुळे विशीतला पहिलवान आणि पन्नाशीतला मास्तर यांना एकच पाठ आपापल्या मापाने मिळतो. ॲप मला आठवड्यातून दोनच दिवस कष्टाचे देते, आणि बाकीचे दिवस हलकेच ठेव असे बजावते. हा संयम मला शर्यतीने कधी शिकवला नसता.

यात एक गंमत आहे, ती भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. ठोकळ्यांच्या पद्धतीत यंत्र शक्ती स्थिर ठेवते. शक्ती म्हणजे पिळाचा जोर गुणिले फिरण्याचा वेग. मिनिटाला ९० फेरे मारताना जो जोर लागतो, तो ४५ फेऱ्यांवर आलात की बरोबर दुप्पट होतो. दमून पाय मंदावले की यंत्र विरोध वाढवते, त्याने पाय आणखी मंदावतात, विरोध आणखी वाढतो, आणि शेवटी पायडल जागीच थिजते. मी पहिल्या आठवड्यात दोनदा असा अडकलो. उपाय साधा आहे: दम लागत आहे असे वाटताच फेरे कमी करू नका, उलट थोडे वाढवा.

तिसरी गोष्ट रूव्हीची. हे झेक प्रजासत्ताकातले ॲप. यात काल्पनिक बेटाऐवजी खऱ्या रस्त्यांचे चित्रीकरण असते. चित्रातला रस्ता चढू लागला की यंत्रही जड होते. आमच्या कन्नड विभागातले एक सहकारी याचे भक्त. दर रविवारी सकाळी ते आमच्या दारात हजर. "आराम अदीरेन्री, सर?" म्हणत आधी सायकलीची बैठक आपल्या उंचीप्रमाणे वर करून घेतात. यंत्र एक आणि माणसे दोन, म्हणून आम्ही आल्प्समधला एक घाट निम्मा निम्मा वाटून घेतो. ते दमले की कन्नडमध्ये सांगतात, मी दमलो की मराठीत. खिडकीबाहेर धो धो पाऊस आणि पडद्यावर बर्फाची शिखरे. त्यांना वॅटशी देणेघेणे नाही. "रस्ता दिसला पाहिजे सर, आकडा घरीच आहे," असे त्यांचे म्हणणे. किनोमॅप नावाच्या फ्रेंच ॲपवर तर लोक आपापल्या रस्त्यांची चित्रीकरणे स्वतःच चढवतात. पाऊस सरला की जांबोटी-कणकुंबी रस्ता चित्रित करून तेथे घालायचा, असा त्यांचा बेत आहे.

ॲप कोणतेही असो, एक गोष्ट सर्वांना सारखी लागू: पंखा. मानवी शरीर खर्चलेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच पायडलपर्यंत पोहोचवते. उरलेली उष्णता होते. म्हणजे १४० वॅट लावताना अंगातून सुमारे ५०० वॅट उष्णता बाहेर पडायला हवी. रस्त्यावर ते काम वारा करतो. खोलीत वारा नाही, आणि पावसाळी दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो. पहिल्या दिवशी विसाव्या मिनिटाला मला भोवळ आली, तो दोष ॲपचा नव्हता. मोठा पंखा समोर, टॉवेल हँडलवर आणि पाण्याची बाटली हाताशी, एवढी तयारी हवीच. वीज गेली तर? घाट तिथेच संपतो. उतरून चहा प्यावा.

आता मूळ प्रश्न. सर्वांत चांगले ॲप कोणते? विद्यार्थी मित्रहो, हा प्रश्न ॲपला विचारण्याआधी स्वतःला विचारावा: मी सायकल कशासाठी चालवतो? चार माणसांत चढाओढ केल्याशिवाय ज्याला हुरूप येत नाही, त्याने झ्विफ्ट किंवा मायव्हूश घ्यावे. खिसा हलका असेल तर मायव्हूशने आरंभ करावा. शक्ती शिस्तीने वाढवायची असेल, तर ठोकळे. रस्त्याच्या ओढीने जो सायकलवर बसतो, त्याने खऱ्या रस्त्यांच्या चित्रांकडे जावे. शर्यत त्या विद्यार्थिनीला फुलवते; तिनेच माझा गुडघा बिघडवला. दोष शर्यतीचा नाही, माझ्या निवडीचा. मी सायकल चालवतो ती अजून वीस वर्षे चालवता यावी म्हणून, आणि हे कळायला मला एक पावसाळा आणि चार खोटे किलो लागले.

सध्या माझे मंगळवार आणि शुक्रवार ठोकळ्यांचे, रविवार आल्प्सचा. त्यानंतरच्या पावसाळ्याअखेर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा प्रथमच उन्हाळ्यातल्या आकड्याइतका आला. त्यात गोळ्यांचा आणि सौभाग्यवतींच्या ताटावरील देखरेखीचा वाटा मोठा आहे, हे त्या लेख वाचणार असल्यामुळे मुद्दाम नमूद करतो.

आणि उघडीप पडली की? यंत्र बंद, ॲप बंद. ओल्या मातीचा वास, राजहंसगडावर उतरलेले ढग, वाटेत ओळखीच्या माणसाने मारलेली हाक, यांतले काहीही अद्याप कोणत्याही ॲपला जमलेले नाही. फक्त चावी मागून घ्यावी लागते. वजनाच्या रकान्यात सध्या ७४ आहे, काट्यावरही तेवढेच.