कामातली पत आणि मनाजोगे काम

आपल्या घरातली मुलगी नोकरीला लागली की चाळीत पेढे वाटले जातात. आईवडिलांना धन्य वाटते. पण सहा-आठ महिन्यांनी तीच मुलगी संध्याकाळी घरी येऊन गप्प बसू लागते. काम जमते, पण कचेरीत तिला कुणी कामाची समजत नाही. पाठीमागे 'कोट्यातली' असा शेरा ऐकू येतो. महत्त्वाचे काम तिला टाळून दुसऱ्याकडे जाते. मग ही नोकरी सोडावी की दात-ओठ खाऊन टिकावे, असा प्रश्न घरात उभा राहतो. परळ, लालबाग, नायगाव, दादर या आपल्या वस्त्यांतल्या किती तरी घरांत हा प्रश्न आहे. त्याचा विचार करताना आम्हांला बाबासाहेबांच्या आयुष्यातली १९१७ ते १९२८ ही वर्षे आठवतात.

पदवी होती, पत नव्हती

कोलंबिया विद्यापीठात शिकलेले बाबासाहेब लंडनचे शिक्षण अर्धवट ठेवून १९१७ साली परतले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी करणे भाग होते. तिथे त्यांच्या विद्वत्तेला कुणी विचारले नाही. शिपाई लांबूनच टेबलावर कागद फेकत. कचेरीत पाणी मिळेना, शहरात राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत ते मुंबईला आले. शिकवण्या घेतल्या. शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा त्यांना मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मोजले नाही. पण त्यांचा व्यासंग आणि विषय मांडण्याची हातोटी पाहून पुढे इतर महाविद्यालयांतले विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या वर्गात बसू लागले. याच काळात काही सहकारी प्राध्यापकांनी मात्र, यांनी आमच्या माठातले पाणी पिऊ नये, म्हणून हरकत घेतली.

ही दोन्ही चित्रे एकाच इमारतीतली आहेत. वर्ग भरला, तरी माठ मोकळा झाला नाही. चांगले काम केले की सगळे आपोआप सुधारतील, असे आम्ही तरुणांना सांगणार नाही. पण माठावरून वाद घालणाऱ्यांमुळे बाबासाहेबांचा तास कधी कच्चा राहिला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

नोकरीतून पुढची वाट

त्या पगारावर बाबासाहेबांनी थाटमाट केला नाही. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत संसार होता. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाईंच्या हाती देऊन उरलेले पैसे ते लंडनच्या शिक्षणासाठी साठवत. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज सोबत घेऊन ते लंडनला गेले.

१९२३ साली परतून वकिली सुरू केली, तेव्हाही दारात अशिलांची रांग नव्हती. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरील खटल्यात बागडे, जेधे आणि जवळकर यांचा बचाव करून त्यांनी नाव मिळवले. १९२८ मध्ये सरकारी विधी महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मनाजोगे, स्वतंत्र काम त्यांना असे पायरीपायरीने मिळाले, आणि प्रत्येक पायरीवर चूल पेटती ठेवण्याची सोय त्यांनी आधी पाहिली.

दारच बंद असेल तर?

गिरणगावात याच काळात दुसरा अनुभव होता. साचाखात्यात मजुरी जास्त मिळे. धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. तिथे कितीही हुशार कामगार असला तरी त्याच्या हुशारीची परीक्षाच होत नव्हती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे पुढे आणला. जिथे काम दाखवायची संधीच नाकारली जाते, तिथे एकट्याने झुरत बसण्यात अर्थ नाही. तिथे लेखी तक्रार आणि संघटना हाच उपाय.

आज काय करावे?

पहिली गोष्ट, जमेल तीच तारीख द्यावी. उशीर होणार असेल तर मुदत उलटण्यापूर्वी सांगावे. केलेल्या कामाची तारखेसह नोंद वहीत ठेवावी. तोंडी दिलेले काम पूर्ण झाल्यावर दोन ओळी लिहून वरिष्ठांना कळवावे. शेरा मारणाऱ्याशी रोज भांडण्यापेक्षा ही वही जास्त कामाला येते.

सरकारी नोकरीत असाल तर वार्षिक गोपनीय अहवाल जरूर पाहा. त्यातील प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त खटल्यात दिला आहे. शेरा अन्यायाचा वाटला तर मुदतीत लेखी निवेदन द्या. तेव्हा तुमची वही पुराव्याला उपयोगी पडेल.

काम बदलायचेच असेल, तर आधी तयारी करा. नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते सकाळच्या वर्गांचे. १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीही सोय आहे. काही महिन्यांचा घरखर्च गाठीशी ठेवा. नव्या क्षेत्रात काम करणाऱ्या दोघा-तिघांना भेटून तिथला दिवस कसा जातो ते विचारा. सध्याच्या जागेवरचे शेवटचे कामही नीट हातावेगळे करून निघा. नवा साहेब चौकशी करतो तेव्हा जुन्या जागेवरूनच करतो.

शेवटी आईवडिलांना एक विनंती. मुलाने 'मला दुसरे काम करायचे आहे' म्हटले की 'लागलेली नोकरी सोडतोस?' एवढेच विचारून त्याचे तोंड बंद करू नका. तयारी किती झाली, पैसे किती साठले, कुणाला विचारलेस, हेही विचारा. दोन खोल्यांत काटकसर करून रमाईंनी संसार सांभाळला, तेव्हा बाबासाहेबांना लंडनची वाट धरता आली. आपल्या मुलांनाही घराचा तेवढा आधार मिळाला पाहिजे.