वार्धक्य आणि चित्रकलेची सोबत

वृद्धाश्रमात जेवण, औषध वेळेवर मिळाले, तरी स्वतः काही ठरवावे असे प्रसंग थोडेच उरतात. चित्रकलेचा खरा उपयोग येथे होतो. १९४१ साली मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार मातीस यांना उभे राहून रंगवणे जड जाऊ लागले. त्यांनी कात्री हाती घेतली आणि रंगवलेले कागद कापून १९५२ साली, ८२ व्या वर्षी, ‘राजाचे दुःख’ हे भव्य चित्र रचले.

सगळेच मातीस नसतात, हे खरे. परंतु स्मृतिभ्रंशात नावे विसरली, तरी हाताची जुनी सवय पुष्कळदा टिकते. जन्मभर रांगोळी घातलेली बोटे ठिपके जोडू शकतात. कलेने हा रोग बरा होत नाही. मात्र ‘कोणता रंग घेता, आजी?’ असे विचारले, की उत्तर त्यांचे असते. म्हणूनच त्यांचे चित्र आपण सुधारू नये.