उघाडीचे फाटक आणि तापणारा ट्रान्झिस्टर

अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धन या भागांतल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत एक प्रतिकृती पुन्हा पुन्हा पाहायला मिळते, आणि ते योग्यच आहे, कारण ती इथल्या मातीतली आहे. एका ट्रेमध्ये खाडी, मध्ये मातीचा बांध, बांधापलीकडे हिरव्या कागदाची भातखाचरे आणि बांधात एक छोटे फाटक. खाडीच्या बाजूला पाणी ओतू लागले की दोन कांड्यांना पाण्याचा स्पर्श होतो, मोटर फिरते आणि फाटक खाली येते. भरतीचे खारे पाणी शेतात शिरत नाही.

ज्यांनी खारभूमी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. रायगडच्या किनाऱ्यावर खाडीलगतची पुष्कळ जमीन बांध घालून समुद्राकडून मिळवलेली आहे. पावसाचे साचलेले पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडण्यासाठी बांधात जी दारे ठेवतात त्यांना उघाडी म्हणतात. बांधाला खांड पडली किंवा उघाडी भरतीला उघडी राहिली तर खारे पाणी आत येते, आणि त्या जमिनीतले मीठ धुऊन निघायला एकापेक्षा अधिक पावसाळे लागू शकतात. या जमिनींच्या अभ्यासासाठी पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे. जुन्या उघाडीची झडप भरतीच्याच दाबाने बंद होते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. तिला बॅटरीही लागत नाही आणि ट्रान्झिस्टरही लागत नाही. तिच्याशी स्पर्धा करणे सोपे नाही, हे प्रतिकृती करणाऱ्यांनी मनात ठेवलेले बरे.

आता प्रतिकृतीकडे येऊ. ती सकाळी चालते आणि परीक्षक येईपर्यंत बंद पडते. मोटर नुसती गुणगुणते, फाटक अर्ध्यावर अडकते आणि ट्रान्झिस्टरला बोट लावले तर चटका बसतो. विद्यार्थी म्हणतात, 'सर, मोटर जास्त प्रवाह खाते, म्हणून ट्रान्झिस्टर तापला.' पण त्याच वेळी तारेत अॅमीटर जोडून पाहिला तर तो जेमतेम अर्धा अॅम्पियर दाखवतो. प्रवाह कमी आणि ताप जास्त, हे कसे?

हिशोब करू. बॅटरी १२ व्होल्टची आहे. मोटर गॅरेजमधून आणलेली, दातेरी चाके बसवलेली असून तिच्या गुंडाळीचा रोध १.५ ओहम आहे असे समजा. ट्रान्झिस्टर २ एन ३०५५ घेऊ. धातूच्या टोपीचा हा जाडजूड ट्रान्झिस्टर १९६० च्या दशकापासून जगभर वापरात आहे आणि आपल्या बाजारातही सहज मिळतो. मोटर थांबलेली असताना ती म्हणजे नुसता १.५ ओहमचा रोध. मोटर आणि ट्रान्झिस्टर एकसरीत असल्याने १२ व्होल्ट या दोघांत वाटले जातात. ट्रान्झिस्टरमध्ये निर्माण होणारी उष्णता म्हणजे त्याच्या वाट्याचे व्होल्ट गुणिले त्यातून जाणारे अॅम्पियर.

ट्रान्झिस्टर पूर्ण बंद असेल तर सगळे १२ व्होल्ट त्याच्यावर, पण प्रवाह शून्य, म्हणून उष्णता शून्य. ट्रान्झिस्टरवर ११ व्होल्ट असतील तर मोटरला १ व्होल्ट मिळतो, प्रवाह ०.६७ अॅम्पियर आणि उष्णता सुमारे ७ वॅट. ९ व्होल्टला प्रवाह २ अॅम्पियर, उष्णता १८ वॅट. ६ व्होल्टला प्रवाह ४ अॅम्पियर, उष्णता २४ वॅट. इथून पुढे गंमत पाहा. ट्रान्झिस्टरवर ३ व्होल्ट उरले तर प्रवाह वाढून ६ अॅम्पियर होतो, पण उष्णता पुन्हा १८ वॅटवर येते. १ व्होल्टला प्रवाह ७ अॅम्पियरपेक्षा जास्त आणि उष्णता फक्त ७ वॅट. हा आलेख वहीत काढून पाहा. डोंगरासारखा दिसेल, दोन्ही पायथ्यांशी थंड आणि माथ्यावर तापलेला. ट्रान्झिस्टर पुरता बंद असावा किंवा पुरता उघडा असावा. उघाडीच्या फाटकासारखाच तो अर्धवट उघडा राहिला की नुकसान.

आमच्या प्रतिकृतीत तो अर्धवट का राहिला? कांड्यांतून आलेला प्रवाह १००० ओहमच्या रोधातून थेट बेसला दिला होता. पाणी चांगले खारट असले तरी या जोडणीत बेसला ११ मिलिअॅम्पियरपेक्षा जास्त मिळणे शक्य नाही. ट्रान्झिस्टरची प्रवर्धन क्षमता ५० धरली तर कलेक्टरमधून ११ × ५०, म्हणजे साधारण ०.५६ अॅम्पियर जाणार. तेवढ्यात मोटरच्या वाट्याला ०.८५ व्होल्ट येतो. एवढ्यावर फाटक हलणार कसे? उरलेले ११ व्होल्टहून अधिक ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर, आणि उष्णता ६.३ वॅट. मोटर भुकेली आणि ट्रान्झिस्टर भाजलेला, अशी ही अवस्था.

६.३ वॅट म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. रात्रीचा छोटा दिवाही तेवढाच असतो. पण ही उष्णता जिथे जन्मते तो सिलिकॉनचा तुकडा नखाहून लहान असतो, आणि तिथून हवेपर्यंतची वाट अवघड असते. या वाटेला उष्णतारोध म्हणतात. विद्युतरोधात जसे अॅम्पियरमागे व्होल्ट, तसे इथे वॅटमागे सेल्सिअस अंश. २ एन ३०५५ उघडाच टांगून ठेवला तर आतल्या तुकड्यापासून हवेपर्यंतचा उष्णतारोध वॅटमागे ३५ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे ६.३ × ३५ = २२० अंश आणि त्यात भोवतालच्या हवेचे ३५ अंश. बेरीज २५५ होते. उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा २०० अंश आहे. ट्रान्झिस्टर जळाला यात नवल नाही.

इथे एक शंका हमखास येते. आपल्याकडची हवा दमट, घाम वाळत नाही, मग हीट सिंकही नीट थंड होत नसेल का? नाही. आपल्याला उकडते ते घामाची वाफ होत नाही म्हणून. ट्रान्झिस्टरला घाम येत नाही. त्याला फक्त हवेचे तापमान कळते, आणि त्या हिशोबाने मे महिन्यात अलिबागचा ट्रान्झिस्टर चंद्रपूरच्या ट्रान्झिस्टरपेक्षा दहा अंशांनी सुखी असतो. खाऱ्या हवेचा त्रास वेगळा आहे. स्क्रू गंजतात, सांधे हिरवे पडतात आणि सैल झालेल्या सांध्यातून उष्णता पुढे सरकत नाही.

तेव्हा पहिला उपाय बेसला भरपूर प्रवाह देणे हा. मोटर चालू असताना ३ अॅम्पियर घेत असेल तर बेसला त्याचा दहावा भाग, म्हणजे ०.३ अॅम्पियर द्यावा. सूचीपत्रातली ५० किंवा ७० ही प्रवर्धन क्षमता इथे विसरा. ट्रान्झिस्टर स्विच म्हणून वापरताना हात सैल ठेवावा लागतो. बेसच्या वाटेत ३३ ओहमचा रोध ठेवला की साधारण ०.३३ अॅम्पियर मिळतो. या रोधातच साडेतीन वॅट खर्च होतात, म्हणून तो ५ वॅटचा, तार गुंडाळलेला घ्यावा. पाव वॅटचा लावाल तर ट्रान्झिस्टरऐवजी तोच धूर सोडेल. आता ट्रान्झिस्टरवर सुमारे ०.८ व्होल्ट राहतात, म्हणजे २.४ वॅट, आणि बेसचे ०.३ धरून २.७ वॅट. मोटरला ११ व्होल्टहून अधिक मिळतात. फाटक सपकन खाली येते.

पण ०.३३ अॅम्पियर पाण्यात बुडवलेल्या कांड्यांतून आणता येणार नाही, आणि आणूही नये. खाऱ्या पाण्यातून एकाच दिशेचा मोठा प्रवाह गेला की विद्युत अपघटन सुरू होते, बुडबुडे येतात आणि तांब्याची कांडी खाल्ली जाते. कांड्या जुन्या सेलमधल्या कार्बनच्या घ्याव्यात आणि त्यांतून एखाद मिलिअॅम्पियरच जाऊ द्यावा. यामागे आणखी मोठे कारण आहे. भरती हळूहळू चढते. कांड्यांना पाणी आधी निसटते लागते, मग टोके बुडतात, मग अधिक. प्रवाहही तसाच हळूहळू वाढतो. म्हणजे ट्रान्झिस्टर आपल्या डोंगराच्या एका पायथ्यापासून दुसऱ्या पायथ्यापर्यंत रमतगमत, माथ्यावर विसावा घेत जातो. खऱ्या खाडीत तर भरती चढायला सहा तास लागतात. लाटांनी पाणी खालीवर होत असेल तर हा प्रवास दर लाटेगणिक.

म्हणून मध्ये असे काहीतरी हवे की जे 'जरासे' हा शब्दच ऐकून घेणार नाही. ५५५ हा आठ पायांचा आयसी हे काम छान करतो. त्याचा २ आणि ६ क्रमांकाचा पाय एकत्र जोडावा आणि तिथून १० हजार ओहमचा रोध बॅटरीच्या धन टोकाला न्यावा. कांड्यांपैकी एक याच सांध्याला आणि दुसरी ऋण टोकाला. पाणी चढले की या सांध्याचे विभव उतरू लागते, आणि पुरवठ्याच्या एक तृतीयांशाखाली, म्हणजे ४ व्होल्टखाली गेले की ५५५ चे उत्तर एका झटक्यात खालून वर जाते. पाणी उतरताना मात्र ते ८ व्होल्ट पार होईपर्यंत बदलत नाही. या ४ व्होल्टच्या अंतरामुळे लाटांची चुळबुळ त्याला जाणवत नाही. ५५५ च्या ३ क्रमांकाच्या पायावरून ४७० ओहममधून एसएल १०० या मध्यम ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडणी द्यावी. धन टोकाकडून ३३ ओहमचा रोध एसएल १०० च्या कलेक्टरला, आणि त्याचा एमिटर मोठ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला. मोठ्याचा एमिटर ऋण टोकाला, आणि मोटर त्याचा कलेक्टर आणि धन टोक यांच्यामध्ये. फाटक तळाला टेकले की उघडणारा लिमिट स्विच ४७० ओहमच्या वाटेत हवाच. फाटक वर नेण्यासाठी मोटर उलट फिरवण्याची जोडणी वेगळी, ती इथे सोडून देतो.

मोटरच्या दोन टोकांना एक डायोड उलटा जोडावा, त्याचा पट्टा धन टोकाकडे. गुंडाळीतून जाणारा प्रवाह एकाएकी तोडला तर तो गप्प बसत नाही. चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा क्षणभर शेकडो व्होल्टचा फणा काढू शकते आणि २ एन ३०५५ ची मर्यादा ६० व्होल्ट आहे. डायोड त्या प्रवाहाला मोटरमध्येच फिरत राहायला वाट देतो. डायोड विसरलेल्या मंडळाचा ट्रान्झिस्टर थंड असतानाच मरतो, म्हणून दोष शोधताना माणूस चकतो.

आणि फाटकात खडा अडकला तर? मोटर ८ अॅम्पियर मागेल. ०.३३ अॅम्पियर बेसप्रवाहावर ट्रान्झिस्टर एवढा प्रवाह देऊ शकत नाही, कारण प्रवाह वाढला की त्याची प्रवर्धन क्षमता घटते. ती १५ वर आली असे धरले तर तो ५ अॅम्पियर देईल, मोटरवर ७.५ आणि त्याच्यावर ४.५ व्होल्ट, म्हणजे साडेबावीस वॅट. पुन्हा डोंगराच्या माथ्याजवळ. वर ८ अॅम्पियरचा फ्यूज लावला असेल तर तो उडणारही नाही, कारण ट्रान्झिस्टरने स्वतःच प्रवाह अडवून धरला आहे! इथे चांगला हीट सिंकच कामी येतो. आतल्या तुकड्यापासून टोपीपर्यंत वॅटमागे १.५ अंश, अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट यांचा अर्धा अंश आणि पंख असलेल्या अॅल्युमिनियमच्या हीट सिंकचे ४, एकूण ६ अंश. साडेबावीस वॅटला १३५, अधिक हवेचे ३५, म्हणजे १७०. जगतो. नेहमीच्या २.७ वॅटला तर ५१ अंशच भरतात.

मोटरचा वेग कमी करायचा असला तर पुष्कळजण ट्रान्झिस्टर मुद्दाम अर्धवट उघडतात. ही चाल जुनी आहे. अलिबाग-पेणकडून मुंबईला जाताना पनवेलला जी हार्बरची लोकल मिळते, त्या मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही विजेची गाडी सुरू झाली. ती १५०० व्होल्ट डीसीवर चालत असे. थांबलेल्या मोटरींना एकदम पूर्ण विभव देता येत नाही, म्हणून एकसरीत मोठे रोध असत आणि वेग वाढेल तसे ते एकेक गाळले जात. एकाच जोडणीत राहून असा आरंभ केला तर त्या काळात घेतलेल्या विजेपैकी जवळजवळ निम्मी रोधांत जळते. मोटरी आधी एकसरीत आणि मग समांतर जोडल्या तर एक तृतीयांश. रोध मध्ये असताना गाडी फार वेळ चालवायची नाही, हा मोटरमनचा नियम आपल्या ट्रान्झिस्टरचाही नियम आहे. २००७ पासून मुंबईत आलेल्या नव्या गाड्यांत रोधांची जागा आयजीबीटी नावाच्या अर्धवाहक स्विचांनी घेतली. ते फक्त उघडतात आणि मिटतात, सेकंदाला शेकडो वेळा. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गही २५,००० व्होल्ट एसीवर गेला.

आपणही हेच करू शकतो. सेकंदाला २०० वेळा ट्रान्झिस्टर उघडा आणि मिटा. निम्मा वेळ उघडा ठेवला तर मोटरला सरासरी निम्मे विभव मिळते, आणि मिटलेल्या वेळात डायोडमधून प्रवाह चालू राहिल्याने तिला धक्के बसत नाहीत. ट्रान्झिस्टर डोंगर ओलांडतो, पण धावत. मात्र उत्साहाच्या भरात वेग सेकंदाला २०,००० वर नेऊ नका. तेव्हा एका फेरीला ५० मायक्रोसेकंद मिळतात, आणि २ एन ३०५५ सारख्या मंद गड्याला जाता-येता ओलांडायलाच १० लागले, तर पाचवा हिस्सा वेळ तो माथ्यावरच असेल.

असा स्विच चालू असताना शेजारचा रेडिओ खरखरतो. मोटरच्या प्रवाहाने शेजाऱ्यांना त्रास होण्याचा इतिहास तर अलिबागला घराजवळच आहे. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या डीसी प्रवाहामुळे कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय उपकरणे बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ती कामगिरी अलिबागला हलवली गेली. ट्रॅम १९०७ मध्ये धावू लागल्या आणि केव्हाच बंदही झाल्या. अलिबागची वेधशाळा अजून पृथ्वीचे चुंबकत्व मोजते आहे.

आता बाजारात मॉसफेटही स्वस्त झाले आहेत. आयआरएफझेड ४४ एन पुरता उघडला की त्याचा रोध अवघा ०.०१७५ ओहम राहतो, म्हणजे ३ अॅम्पियरला ०.१६ वॅट. हीट सिंकची गरजच नाही. पण तो पुरता उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. मायक्रोकंट्रोलरच्या पायावरून ३.३ व्होल्ट देऊन पाहाल तर तोही अर्धवट उघडतो आणि तसाच भाजतो. पाहायचे असेल तर १२ व्होल्टचा दिवा भार म्हणून लावा, गेटचे विभव पोटेन्शिओमीटरने पाव पाव व्होल्टने चढवा, प्रत्येक वेळी ट्रान्झिस्टरवरचे व्होल्ट आणि प्रवाह वहीत मांडा. डोंगर तिथेही निघेल.