खांबाला बिलगावे की मागे रेलावे?

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याहून टिपेश्वर अभयारण्याकडे निघाले की सागाची सरळसोट खोडे दिसू लागतात. अशा खोडावर चढायचे तर पाय ठेवायला फांदी नाही, खाच नाही. तरीही माणूस चढतो. तो घसरत का नाही, हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारून पाहावा. ‘घट्ट धरल्यामुळे’ असे उत्तर बहुधा येईल. ते अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे ठाऊक नसेल, तर उंचावर असताना ते महागात पडू शकते.

प्रथम घट्ट धरण्याचाच विचार करू. सागाच्या किंवा शिसवीच्या लाकडापासून मल्लखांब तयार करतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या नावारूपाला आणली. यवतमाळच्या शेजारी, अमरावतीला १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने विदर्भात ती जोपासली. २०१९ मध्ये तर मुंबईत या खेळाची जागतिक स्पर्धा झाली.

मल्लखांबपटू मांड्यांनी खांब दोन्ही बाजूंनी दाबतो. या दाबामुळे घर्षण निर्माण होते आणि ते वजन तोलून धरते. समजा, मुलाचे वजन ५० किलोग्रॅम आणि घर्षणांक ०.५ आहे. दोन बाजू मिळून ५० किलोग्रॅम-भार इतके घर्षण हवे, म्हणून प्रत्येक बाजूने ५० किलोग्रॅम-भाराचा दाब द्यावा लागेल. खांबाला एरंडेल चोळतात, त्याने घर्षणांक कमी होतो. तो ०.२५ झाला तर दाब दुप्पट लागेल. मग तेल लावायचेच कशाला? अंगाला पीळ देताना व वळताना कातडी सोलू नये म्हणून. पकडीची उणीव स्नायूंनी भरून काढायची.

हे सात-आठ फुटांच्या मल्लखांबावर जमते. अमेरिकेतील हेवर्ड या गावी १९६० पासून लाकूडतोड्यांच्या जागतिक स्पर्धा होतात. तेथे ६० आणि ९० फुटी खांबांवर चढण्याची शर्यत असते. नुसत्या पकडीवर इतके चढणारा थकून जाईल. म्हणून स्पर्धक खांबाभोवती दोर घेतो, पायांना लोखंडी काटे बांधतो आणि मागे रेलतो.

मागे रेलण्यातच खरी गंमत आहे. रेललेल्या माणसाचे वजन त्याला पायांभोवती मागे फिरवू पाहते. दोर त्याला खांबाकडे ओढतो आणि पाय खांबावर दाबले जातात. ६० किलोग्रॅमच्या माणसाचा गुरुत्वमध्य खांबाच्या मध्यापासून ५० सेंटीमीटर दूर आहे आणि पाय व दोर यांत ६० सेंटीमीटर उभे अंतर आहे, असे समजू. आघूर्णाच्या नियमाने पायांवरील दाब ६० × ५० ÷ ६० = ५० किलोग्रॅम-भार येतो. दोरावरही तेवढाच. काटे नसले आणि दोन्हीकडे घर्षणांक ०.६ धरला, तर एकूण घर्षण २ × ०.६ × ५० = ६० किलोग्रॅम-भार. म्हणजे वजन जेमतेम पेलले गेले. आता हाच माणूस घाबरून खांबाला बिलगला आणि अंतर ३० सेंटीमीटर झाले, तर घर्षण केवळ ३६ उरेल आणि तो घसरेल. जी भीती त्याला खांबाजवळ नेते, तीच त्याला पाडते! काटे लाकडात रुततात, म्हणून त्यांना घर्षणावर विसंबावे लागत नाही.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दडली आहे. वजन दुप्पट केले तर दाबही दुप्पट होतो, घर्षणही दुप्पट. वजन समीकरणातून निघूनच जाते. घसरणे न घसरणे ठरते ते अंतरांवरून.

वर्गात हे सहज दाखवता येते. लाकडी फळीच्या तुकड्याला एका टोकाजवळ भोक पाडा. ते दांड्यापेक्षा किंचित मोठे असावे. फळी उभ्या दांड्यात ओवा. दांड्याजवळ वजन टांगले की ती घसरते, दूरच्या टोकाला टांगले की अडकून बसते. तेथे वजन वाढवत गेलात तरी ती हलत नाही. एका शिक्षक शिबिरात आम्ही हा प्रयोग केला, तेव्हा अनेकांनी वजन वाढवल्यावर फळी घसरेल असेच भाकीत केले होते. मुलांकडूनही आधी भाकीत जरूर घ्यावे.

शक्तीचा हिशेबही करून घेता येईल. ७५ किलोग्रॅमचा स्पर्धक १८ मीटर (सुमारे ६० फूट) १२ सेकंदांत चढला, तर शक्ती ७५ × ९.८ × १८ ÷ १२, म्हणजे सुमारे ११०० वॅट, जवळपास दीड अश्वशक्ती! स्नायूंतील साठ्यावर हे काही सेकंदच शक्य असते. तेवढ्याच उंचीवरून तो सुटून पडला, तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे ६८ किलोमीटर असेल.

म्हणूनच एक इशारा. रेलणाऱ्याचा जीव दोरावर असतो. अंतर ५० ऐवजी ९० सेंटीमीटर केले, तर दोरावरील ताण ९० किलोग्रॅम-भार होतो. जीर्ण दोर अशा वेळीच तुटतो. चिंचेसाठी, मधासाठी झाडावर चढणारी मुले आपल्या वर्गात असतात. विजेच्या खांबावर तर कधीच चढू नये, हे त्यांना बजावावे. आणि दोर वापरायचा असेल, तर चढण्याआधी तो तपासावा, हे त्यांना नियम म्हणून सांगण्याऐवजी या गणितातून पटवून द्यावे. पटलेले लक्षात राहते.